सोळा इंची की अठरा इंची

आयुष्यातली तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं नापास करण्यात घालवली. भोसरीकडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. गाड्या बनवणाऱ्यांना आम्ही चाकं पुरवायचो, म्हणजे टायर सोडून उरतो तो धातूचा भाग, आणि प्रत्येक चाक बाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावरून जायचं. खोट दिसली तर भंगारात. नुसती शंका आली तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. याला आम्ही ‘होल्ड’ म्हणायचो. होल्ड केल्याबद्दल कारखान्यात कुणालाही कधी बोलणी बसली नाहीत. बसायची ती पास केल्याबद्दल. त्यामुळे शंका आली की होल्ड, हा माझा स्वभावच होऊन बसला. निरोप समारंभात साहेबांनी माझा हाच एक गुण सांगितला आणि मला तो गौरव वाटला.

या सगळ्या काळात मी स्वतः कंपनीच्या बसने आणि स्कूटरवरून फिरलो. स्कूटरचं चाक दहा इंची. पुण्यातले काही खड्डे त्याहून मोठे आहेत. पुढे मुलाच्या हट्टाने एक छोटी मोटार घेतली, तिची चाकं तेरा इंची. तिने बिचारीने आम्हाला कधी रस्त्यात सोडलं नाही, पण तिच्याकडे वळून कुणी पाहिलंही नाही. मी निवृत्त झालो तेव्हा मनात एकच इच्छा होती आणि ती बायकोला सांगायची छाती नव्हती. मला पिकअप हवी होती. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, अशी उंच, दांडगी पिकअप.

आता कात्रजच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त माणसाला हौदा कशाला हवा, हा प्रश्न कुणीही विचारला असता. आमच्याकडे हौस हे कारण धरत नाहीत. कारण वजनदार लागतं आणि त्यात दुसऱ्याचं भलं असलं तर उत्तम. मी तसं कारण दोन वर्षं शोधत होतो. ते शेवटी ताईंनी दिलं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको मूळची यवतमाळकडची. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिला न्हाऊमाखू घालण्यापासून हिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं. ताई शाळेत शिक्षिका होत्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर त्या तालुक्याच्या गावी आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहायच्या, आणि तसं राहणं त्यांना जमतं याचा त्यांना अभिमान होता. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूधवाला येईपर्यंत दोन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. दूधवाल्याने फटीतून हात घालून मागच्या दाराची कडी काढली म्हणून बरं.

त्यानंतर आमच्या घरातला फोन दिवसातून तीन वेळा यवतमाळकडे वळू लागला. बायको रोज एकच गोष्ट सांगायची, इकडे ये, कायमची ये. मुलगा बंगळुरूला असतो, त्याची खोली रिकामीच आहे. ताई रोज नाही म्हणायच्या. आपलं घर, आपली कुंड्यांची बाग, शेजारच्या बाया, सकाळी अंगणात पेपर वाचणं, हे सगळं सोडून तिसऱ्या मजल्यावर येऊन मी काय करू, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काही नव्हतं. मग संक्रांतीच्या दिवशी फोनवर त्या अचानक म्हणाल्या, “बरं, येते मी.” बायको तिळाची ताटली हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली आणि रडली. मी तिला इतकं आनंदाने रडताना मुलाच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

ताईंची अट एकच होती. सामान त्यांच्या सोबत यायला हवं. “टेम्पोत सामान एकीकडे अन् मी एकीकडे, असं नाही जमायचं,” त्या म्हणाल्या. “माझ्या नजरेसमोर असलं पाहिजे सगळं.” सामान म्हणजे शिवणयंत्र, पुस्तकांचं एक बुटकं कपाट, पाटा-वरवंटा आणि बावीस कुंड्या. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, आणि एक लिंबाचं झाड, ज्याला त्या दहा वर्षं कुंडीत ठेवून फसवत आल्या होत्या.

“आपण पिकअप घेऊ,” मी म्हणालो. “ताई पुढे बसतील, सामान मागे. काच मागेही असते, सारखं दिसत राहील.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका जिव्हाळा होता की मला लाज वाटली. पण सत्य सांगण्याइतकी वाटली नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. पांढऱ्या रंगाची एक पिकअप तयार उभी होती, कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं. तिथल्या मुलीने कागद पुढे ठेवले आणि म्हणाली, “सर, लकी आहात. पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी घेऊन जा.” बायकोने पर्समधून पेन काढलं. ती घरून पेन घेऊन निघाली होती.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. त्या पांढऱ्या गाडीला सोळा इंची चाकं होती. चांगली, घट्ट, कामाची चाकं. मी ती हाताने चाचपून पाहिली आणि मनातल्या मनात पास केली. सहीला बसणार तेवढ्यात माझी नजर काचेजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर गेली.

तिला अठरा इंची चाकं होती. बाहेरून बसवून घेतलेली नव्हेत, कंपनीचीच. सहा जोड आरे, कडा चांदीसारख्या घासलेल्या, आतली बाजू काळपट राखाडी. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. बायकोला वाटलं मला चक्कर आली. मी आऱ्यावरून अंगठा फिरवला. तीस वर्षांत असं चाक माझ्या टेबलावर आलं नव्हतं. आमच्याकडे यायची ती मध्यमवर्गीय चाकं.

“सर, एटीनमध्ये रोड प्रेझेन्स खूप येतो,” मुलगी म्हणाली. “पण त्याला वेटिंग आहे. तीन-चार वीक्स.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने पेनाचं टोपण काढून ठेवलेलं होतं, ते परत लावलं नाही.

“तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे,” मी म्हणालो.

“अहो, ताई चाकांवर बसणार नाहीये,” ती म्हणाली.

तिच्या माहेरी असं बोलत नाहीत. हे वाक्य तिला पुण्याने शिकवलं होतं, त्यामुळे मला त्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. मी मुलीला म्हणालो की विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी कुणीतरी घेऊन गेलं.

विचार करून सांगतो, असं म्हटल्यावर विचार करणं भाग होतं. खरं तर निर्णय गुडघे टेकले तेव्हाच झाला होता. पण मी तपासणी विभागातला माणूस, नोंदीशिवाय निर्णय घेतला असं दिसता कामा नये. म्हणून मी एक वही उघडली. डाव्या बाजूला सोळा, उजव्या बाजूला अठरा. उजव्या बाजूला मी लिहिलं: वळणावर पकड चांगली, ब्रेकला हवा अधिक, पुढे विकताना फायदा. डाव्या बाजूला एकच ओळ होती: लगेच मिळते. ती मी बारीक अक्षरात लिहिली.

मग मत घ्यायला बाहेर पडलो. आमच्या चौकाच्या पुढे एक टायरवाला आहे. त्याच्या वडिलांची शेती जिथे होती तिथे आता आमची सोसायटी आहे, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांकडे पाहुण्यांसारखं पाहतो, फार दिवस राहिलेल्या पाहुण्यांसारखं. मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. तो ट्रकच्या टायरमध्ये हवा भरत होता.

“काका, दिसायला लई भारी हाय,” तो म्हणाला. “पन मोठं चाक म्हंजी टायरची उंची कमी. खड्ड्यात गेलं की दणका थेट कमरंत. मागं वजन टाकायचंय का?”

“बावीस कुंड्या.”

“अन् पुढं कोन बसणार हाय?”

“एक वयस्कर बाई आहेत. त्यांच्या कमरेला लागलंय.”

त्याने हवेची नळी काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या टायरकडे गेला. मला तरी काय सांगणार, टायरची भिंत सोळात किती आणि अठरात किती, हे मीच त्याला मिलिमीटरमध्ये सांगू शकलो असतो. फरक अठरा मिलिमीटरचा होता. मी घरी येऊन वहीत तो ‘नगण्य’ असा नोंदवला.

त्यानंतर मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही चाकांचे फोटो टाकले आणि मत मागवलं. हा लोकशाहीचा भाग. मुलाने अठरा सांगितलं, भाच्यांनी अठरा सांगितलं, नागपूरच्या एका चुलत साडूंनी गाडीची किंमत विचारली. बायकोने काहीच लिहिलं नाही. ताई ग्रुपवर क्वचित येतात, पण त्या दिवशी त्यांनी लिहिलं, “जी लवकर येईल ती.” मी त्याला हसणारा चेहरा पाठवला. अठरा इंची गाडी दुसऱ्या दिवशी बुक केली.

तीन आठवड्यांचे पाच झाले. ताईंचा फोन यायचा. आधी बहिणीशी बोलायच्या, मग म्हणायच्या, जवाईबापूंना दे. “गाडी आली का जी?” असं विचारायच्या. त्यात घाई नसायची. संक्रांतीनंतरच्या उत्साहात त्यांनी पलंग विकून टाकला होता आणि खाली गादी घालून झोपत होत्या. सगळं सामान पोत्यांत आणि खोक्यांत बांधून दाराशी ठेवलं होतं. कुंड्यांना खडूने नंबर घातले होते, एकपासून बावीसपर्यंत, म्हणजे चढवताना गोंधळ नको. मी त्यांना सांगायचो की एवढ्यात येईल, आणि मग चाकाचं अलॉय, म्हणजे मिश्रधातू, काय असतं ते समजावून सांगायचो. त्या शांतपणे ऐकायच्या. शिक्षिकेला विद्यार्थ्याचं ऐकून घ्यायची सवय असते.

बायको म्हणायची, “आपण भाड्याने गाडी करू. अशीच पिकअप मिळते भाड्याने.” मी म्हणायचो, “आता आलीच आहे म्हण.” एकदा ती भडकून म्हणाली, “काहून असं करता तुम्ही?” तिच्या तोंडून माहेरचा शब्द निघाला की प्रकरण गंभीर आहे हे मला कळतं. मला ते कळलं होतं. मी शोरूमला फोन करून आवाज चढवला आणि आपण काहीतरी केलं असं समाधान मानलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. ते रोज जिन्यात भेटायचे. “काय, आलं का वाहन?” असं विचारायचे, आणि मी नाही म्हटलं की, “असू द्या. भाजीपाल्याला अजून भाव नाही,” असं म्हणून निघून जायचे. मी या माणसाला गेली आठ वर्षं सडेतोड उत्तर शोधतोय.

पाडव्याला ताईंना आणायला जायचं ठरलं होतं, त्याच्या तीन दिवस आधी गाडी आली. मी माझं मोजमापाचं व्हर्नियर, भिंग आणि एक छोटी बॅटरी घेऊन शोरूमला गेलो. हे मी का केलं ते आज सांगता येत नाही. इतर लोक गाडी घ्यायला पेढे घेऊन जातात. मुलीने माझ्यासाठी जमिनीवर पुठ्ठा अंथरला. तिला वाटलं पूजा करणार. मी चारही चाकं आतून बाहेरून तपासली, तासभर. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या कडेला, रंगाखाली, एक कण अडकलेला होता. रव्याच्या कणाएवढा.

“सर, कुठे?” मुलीने बॅटरी घेऊन पाहिलं. “मला तर दिसत नाहीये.”

“मला दिसतोय.”

“सर, ही आतली साइड आहे. गाडी उचलल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.”

“चाक बदलून द्या,” मी म्हणालो.

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. तो म्हणाला, कंपनीकडून चाक मागवावं लागेल, आज गाडी घेऊन जा, आलं की बदलून देतो. ही सोय अगदी रास्त होती. मी ती नाकारली. पास केलेला माल परत येत नसतो, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो होतो. गाडीच्या काचेवर मी लाल चिठ्ठी तेवढी लावली नाही.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. आमच्या कारखान्यात तो कण पास झाला असता. आतल्या कडेला तेवढी सूट असते. मी स्वतः असली चाकं हजारांनी पास केली आहेत. पण ती इतरांची होती.

घरी रिकाम्या हाताने आलो तेव्हा बायको दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. मी काय घडलं ते सांगितलं. तिने निरांजन फुंकून विझवलं, ताट आत नेऊन ठेवलं आणि ताईंना फोन लावला. फोनवर ती म्हणाली, “पाडव्याला नाही येत गं आम्ही.” पलीकडून ताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बोलणं मात्र लवकर संपलं. त्या रात्रीपासून बायकोने चाकांबद्दल बोलणं बंद केलं. ती हवापाण्याबद्दल बोलायची. मला वाटलं, निवळली.

चाक यायला साडेतीन आठवडे लागले. मग मीच म्हणालो की आता अक्षय्य तृतीया आठ-दहा दिवसांवर आहे, मुहूर्त का सोडायचा. मुहूर्तावर माझा विश्वास नाही. पण एवढी थांबलेली गाडी साध्या मंगळवारी घरी आणायला मन धजेना. तर अक्षय्य तृतीयेला ती आली. सोसायटीच्या दारात उभी केली. प्राध्यापक गॅलरीतून बराच वेळ पाहत होते. खाली येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “उंची चांगली आहे. चढायला शिडी देतात का?” मला त्याचंही काही वाटलं नाही. उन्हात चाकं अशी काही चमकत होती की मी दुपारी दोनदा उगाच खाली जाऊन आलो.

चार दिवसांनी आम्ही निघालो. मागे हौद्यात दोर, जुन्या गाद्या, कुंड्या हलू नयेत म्हणून थर्माकोलचे तुकडे, असं सगळं घेतलं होतं. टायरवाला खरं बोलला होता. हौदा रिकामा असला की अशी गाडी आधीच उडते, त्यात टायरची उंची कमी. नगरच्या पुढे बायकोने कमरेमागे उशी घेतली. जालन्याला मुक्काम केला तेव्हा ती खाली उतरून दोन मिनिटं गाडीला धरून उभी राहिली. मी विचारलं, “फार दणके बसले का?” ती म्हणाली, “नगण्य.” तिने माझी वही वाचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. विदर्भातलं वैशाखातलं ऊन होतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. ताई दारात आल्या. हातात काठी होती, ती नवी. अंगणात कुंड्या होत्या, खडूचे नंबर पाणी घालून घालून पुसत आले होते. मी मोजल्या नाहीत, पण बावीस नक्की नव्हत्या.

आत गेलो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. दाराशी ठेवलेली खोकी नव्हती. स्वयंपाकघरात भांडी मांडणीवर लावलेली होती. पुस्तकं कपाटात होती. भिंतीला लागून एक पलंग होता, दुसऱ्या कुणाचातरी, जुना, लोखंडी. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला एक ब्लाउज होता.

ताईंनी पन्हं दिलं. बायको आत-बाहेर करत सगळं पाहत होती. तिने विचारलं, “ताई, बांधलं नाहीस गं काही?”

“बांधलं होतं नं,” ताई म्हणाल्या. “मग पोळ्या करायच्या तर पोळपाट लागला, तो काढला. थंडी वाजली, रजई काढली. असं एकेक लागत गेलं तसं काढत गेले. एक दिवस पाहते तर खोकं रिकामं.” त्या हसल्या. “पाडव्याआधी जरा परत बांधलं होतं.”

“मग आता बांधू आपण. दोन दिवस आहोत आम्ही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे काही शिक्षक पाहतात, तसं, रागाशिवाय.

“जवाईबापू, मी काही आता येत नाही,” त्या म्हणाल्या. “वाईट नका वाटून घेऊ. तेव्हा मन झालं होतं माझं. संक्रांतीला. का झालं मलाच ठाऊक नाही, पण झालं होतं, अन् तेव्हा निघाले असते मी, चालत निघाले असते. आता नाही होऊन राहिलं. रोज सकाळी उठून पाहते, आज होते का. नाही होत.”

बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने समजावलं, हट्ट केला, रडली. न्हाणीघराचं नाव काढलं. ताई म्हणाल्या की न्हाणीत आता दांडा लावून घेतला आहे, आणि दूधवाल्याकडे दाराची एक किल्ली दिली आहे. मी पन्ह्याचा रिकामा पेला हातात धरून बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाईने आपलं सगळं आयुष्य उचलून दाराशी आणून ठेवलं होतं आणि मी ते तीन महिने तिथेच ठेवायला लावलं. तेही कारखान्यात पास होणाऱ्या एका कणासाठी.

दोन दिवस आम्ही राहिलो. ताईंनी पाहुणचार केला, मी नळाचा वायसर बदलला, दिवे तपासले, जे जे पुरुष माणसं अशा वेळी करतात ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगा गाडीत ठेवायला गेलो तर बायको म्हणाली, “माझी राहू द्या. मी थांबते ताईजवळ.”

“किती दिवस?”

“पाहू,” ती म्हणाली.

मी तिची बॅग पुन्हा आत नेऊन ठेवली. हौद्यात थर्माकोलचे तुकडे होते, तेही उतरवले, ते गाडीत उडत राहिले असते. निघायला वळलो तर ताई म्हणाल्या, “थांबा जरा.” त्या आतून हळद-कुंकवाचा करंडा आणि चार लिंबं घेऊन आल्या. लिंबं त्यांच्याच कुंडीतल्या झाडाची होती. “नवी गाडी पहिल्यांदा दारात आली,” त्या म्हणाल्या, “तशीच कशी जाऊ द्यायची?”

मी म्हणालो, “ताई, राहू द्या, कमरेला त्रास होईल. बॉनेटवर लावा पुरे.” त्यांनी ऐकलं नाही. बायकोचा हात धरून त्या पुढच्या चाकापाशी गेल्या, एका हाताने काठीवर भार देत हळूहळू वाकल्या, पदराने चाकावरची धूळ पुसली, घासलेल्या कडेवर हळद-कुंकवाची बोटं ओढली, खाली लिंबू ठेवलं आणि तितक्याच हळू उठल्या. मग दुसऱ्या चाकाकडे गेल्या. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी उठताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज यायचा. चाकं चार होती. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो.

चौथं झाल्यावर त्या सरळ झाल्या, बोटं पदराला पुसली आणि गाडीकडे लांबून पाहिलं.

“छान आहेत हो चाकं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं थांबलात.”

मी पुण्याचा माणूस. कुणी चांगलं बोललं की आधी त्यात टोमणा शोधतो, ती आमची रीतच आहे. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो शोधला. डोळ्यांत शोधला, ओठांच्या कडेला शोधला. तिथे तो असता तर मी सहा-सातशे किलोमीटर सुखाने गेलो असतो.